आर्कमची पेटी कूलरसमोर उघडू नका

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४५ ला टेकतो. दुपारी बाहेर पडायची सोय राहत नाही आणि सुट्टीला आलेली भाचरं दिवसभर घरातच असतात. बोर्ड गेम मांडायला याहून चांगला हंगाम नाही, पण पेटीचं सगळ्यात जास्त नुकसानही याच हंगामात होतं. राक्षस, भुतं आणि अंतराळयानांच्या पेट्यांना तर जास्तच. त्यांत कार्डं शेकड्यांनी असतात, मूर्ती मऊ प्लास्टिकच्या असतात, आणि पुढे काय निघणार हे कुणालाच ठाऊक नसतं यावर सगळा थरार उभा असतो.

कार्ड वाकलं तर दिसायला वाईट, एवढंच बिघडतं असं बरेच जण समजतात. तसं नाही. ‘ग्लूमहेवन’मध्ये (२०१७) हल्ल्याचा जोर ठरवणारी गड्डी प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला २० कार्डांची मिळते: शून्याची ६, +१ ची ५, −१ ची ५, +२ आणि −२ चं एकेक, एक दुपटीचं आणि एक वार साफ फुकट घालवणारं. ते फुकटचं कार्ड निघण्याची शक्यता नव्याने पिसलेल्या गड्डीत ५ टक्के. तेवढं एकच कार्ड कडेला उचललेलं असेल तर ते पाठीवरूनच ओळखू येतं. ते वर आलेलं दिसलं की हात आपोआप आखडतो, आणि तिथे खेळ संपला. ‘आर्कम हॉरर : द कार्ड गेम’मध्ये (२०१६) यश की अपयश हे पिशवीतून न बघता पुठ्ठ्याचं टोकन काढून ठरतं. पहिल्या मोहिमेच्या मधल्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ पातळीला पिशवीत १६ टोकन असतात आणि हमखास अपयशाचं त्यात एकच. त्याची कड फुगली किंवा वरचा कागद सुटला तर बोटांना ते कळतं. मुद्दाम कुणी फसवत नाही, पण एकदा कळलेलं विसरताही येत नाही.

यात नुसत्या उन्हापेक्षा कूलरचा वाटा मोठा. खानदेशातली उन्हाळी हवा कोरडीठाक असते आणि कूलर तीच हवा ओल्या गवतातून ओढून खोलीत दमट करून सोडतो. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि कूलर बंद झाला की तोच ओलावा सोडून आक्रसतो. कार्डाच्या दोन्ही बाजूंना शाई आणि लेप सारखे नसतात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत आणि कार्ड होडीसारखं वळतं. रोज दुपारी फुगायचं, रोज रात्री सुकायचं, असं आठवडाभर चाललं की नवी गड्डीही टेबलावर सपाट बसत नाही.

म्हणून टेबल कूलरच्या झोतात नको, बाजूच्या भिंतीला हवं. समोरची खिडकी उघडी ठेवा. त्याने दमट हवा साचत नाही आणि कूलरही गार वारा देतो, कारण बंद खोलीत तो नुसती दमटी करतो. ज्या गड्ड्या लागणार तेवढ्याच बाहेर काढा, बाकीच्या पेटीत राहू द्या. खेळ झाल्यावर कार्डं विस्कटलेली ठेवू नका. घट्ट थप्पी करून कागदी पट्टीने बांधा किंवा झिपच्या पिशवीत भरा. रबरबँड मात्र कधीही नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर चिकट होऊन कार्डांच्या कडांना चिकटतं आणि काढताना छपाई उचलून आणतं.

पेटी माळ्यावर ठेवू नका. स्लॅबखालचा माळा आणि पत्र्याखालची खोली या सगळ्यात तापणाऱ्या जागा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाटही तसंच. आतल्या भिंतीकडच्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा उत्तम, आणि धाब्याचं घर असेल तर त्यातली कुठलीही आतली खोली. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात टाकायच्या आणि दिवाळीनंतर काढायच्या. उन्हाळ्यात कार्डं आधीच कोरडी असतात, पुडी त्यांना आणखी वाकवते.

वळलेली कार्डं सरळ होतात, घाई केली नाही तर. अर्ध्या गड्डीची तोंडं उलट करून दोन्ही भाग एकमेकांवर ठेवा, वर-खाली सपाट फळी, त्यावर चार-पाच किलो वजन, आणि दोन दिवस हात लावू नका. इस्त्री अजिबात नको, लेपाला फोड येतात.

स्लीव्ह, म्हणजे कार्डावर चढवायची प्लास्टिकची पाकिटं, घालायचे तर सगळ्या पेटीला घालायची गरज नाही. सतत पिसल्या जाणाऱ्या गड्डीपासून सुरुवात करा. नेहमीच्या कार्डाला ६३.५ × ८८ मिमी, ग्लूमहेवनच्या त्या २० च्या गड्डीला ४४ × ६८ मिमी. पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. पीव्हीसीचे स्वस्त स्लीव्ह उन्हाळ्यात छपाईला चिकटतात. पाठ अपारदर्शक असली तर कार्डांचे बारीकसारीक डाग लपतात. एका गड्डीत दोन कंपन्यांचे स्लीव्ह मिसळू नका, नाहीतर स्लीव्हच खूण बनतो. फाटतात म्हणून त्याच खेपेचे दहा टक्के जास्त घेऊन ठेवा. जागेचाही हिशेब हवा. ‘टेराफॉर्मिंग मार्स’ची (२०१६) २०८ प्रकल्प कार्डं प्रत्येकी ०.३ मिमी धरली तर थप्पी ६ सेंमीच्या वर जाते. दोन्ही बाजूंना १०० मायक्रॉनचा स्लीव्ह चढला की तीत आणखी ४ सेंमी वाढतात आणि मूळ खाच पुरत नाही.

याच खेळाचा दुसरा दोष वाऱ्यात उघडा पडतो. खेळाडूंचे फलक पातळ आणि गुळगुळीत, त्यावर छोटे ठोकळे नुसते ठेवायचे. कुणाचं उत्पादन किती हे ते ठोकळेच दाखवतात, त्यामुळे टेबलाला धक्का लागला की ते कुणालाच सांगता येत नाही. नेमप्लेट बनवणाऱ्या लेझर कटिंगच्या दुकानात २ मिमी अॅक्रिलिकचं, चौकोनी खाचा पाडलेलं झाकण करून घ्या. ठोकळा मोजून खाच अर्धा मिलिमीटर मोठी सांगा. तंतोतंत सांगितली तर ठोकळा अडकतो आणि काढताना झटका बसून शेजारचे उडतात.

मूर्तींना खरा धोका बंद गाडीत आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत पीव्हीसीच्या मूर्ती मऊ पडतात, तलवारी आणि भाले खाली झुकतात, आणि वर दुसरी पेटी असली तर तसेच दबून राहतात. उपाय सोपा आहे. पाणी उकळून गॅस बंद करायचा, चिमट्याने मूर्ती ३० सेकंद बुडवायची, बाहेर काढून भाग सरळ धरायचा आणि तसाच धरून बर्फाच्या पाण्यात घालायचा. रंगवण्याआधीच हे करा. रंगवलेल्या मूर्तीचा रंग त्या जागी तडकतो.

रंगकाम शक्यतो डिसेंबर-जानेवारीवर ठेवा. मूर्ती आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याचा तेलकटपणा गेला नाही तर रंग सुटतो. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराचा स्प्रे मे महिन्याच्या दुपारी मारला तर थेंब मूर्तीवर पोचण्याआधीच हवेत सुकतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे साडेपाच-सहाला, वारा नसताना, २०-२५ सेंमीवरून, पातळ दोन हात. अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतात, म्हणून ओली पॅलेट लागते: पसरट डबा, तळाला ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद. पाण्याची पातळी तासाभराने बघायची.

लाइट जाण्याची तयारीही ठेवा. ‘मॅन्शन्स ऑफ मॅडनेस’ची दुसरी आवृत्ती (२०१६) अॅपशिवाय चालतच नाही. टॅबलेट चार्ज करून, अॅप आधी उतरवून ठेवा. अंधारात मेणबत्तीचा मोह होतो, पण मेणाचा थेंब कार्डावरून निघत नाही. बॅटरीचा कंदील वापरा. ‘बिट्रेयल अॅट हाउस ऑन द हिल’च्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१०) आकडे दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या चिमट्या सैल होऊन घसरतात. त्या बाजूला ठेवा आणि आकडे कागदावर पेन्सिलीने लिहा. त्यातले ५० प्रसंग इंग्रजीत आहेत आणि गद्दाराने, म्हणजे डावाच्या मध्येच बाकीच्यांवर उलटणाऱ्या खेळाडूने, आपला भाग दुसऱ्या खोलीत जाऊन वाचायचा असतो, तेव्हा पहिल्या डावात गद्दारी इंग्रजी सहज वाचणाऱ्याच्या वाट्याला आली तर बरं.

आजी आणि मावशींना बसवायचं असेल तर ‘मिस्टेरियम’ काढा. २ ते ७ जण खेळतात. एक जण भूत होतो. त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त स्वप्नाच्या चित्रांची कार्डं द्यायची, आणि बाकीच्यांनी त्यावरून खुनी, जागा आणि हत्यार ओळखायचं. स्वप्नाच्या कार्डांवर एक अक्षर नाही, त्यामुळे चर्चा खुशाल अहिराणीत रंगते. ही कार्डं मोठी असतात, त्यांना ८० × १२० मिमीचे स्लीव्ह लागतात. केळीचे वेफर्स मात्र डाव संपल्यावरच फोडा, तेलाचा ठसा या गडद चित्रांवर लगेच उठून दिसतो.