एकाच घरातले तीन अर्ज

माझ्या घरातून फ्रान्सच्या व्हिसासाठी तीनदा अर्ज गेले. पहिला मुलीचा, जुलै २०२३ मध्ये, दीर्घ मुदतीचा. तो मंजूर झाला. दुसरा आम्हा उभयतांचा, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, अल्प मुदतीचा. तो नामंजूर झाला. तिसरा पुन्हा आमचाच, ऑगस्ट २०२४ मध्ये. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आमची सात एकर द्राक्षबाग आहे, घरात कोणी पगारदार नाही, आणि व्हिसाच्या कागदांची यादी वाचताना पहिली अडचण तिथेच येते, कारण ती यादी दरमहा पगार घेणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते.

मुलीने कृषी पदवीनंतर दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए येथे द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवला होता. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल, तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा अल्प मुदतीचा व्हिसा, चालत नाही. त्या त्या देशाचा राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. फ्रान्समध्ये शिकायला जाणाऱ्याला आधी कॅम्पस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर खाते उघडून सगळी शैक्षणिक कागदपत्रे चढवावी लागतात, त्यानंतर मुलाखत होते, आणि तो टप्पा पार पडल्यावरच व्हिसाचा अर्ज करता येतो. या मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नेहमीचे ९९ युरो न पडता ५० युरो पडतात.

मुलाखतीला जाण्यापूर्वी ती चार दिवस घाबरलेली होती. हाच विषय का आणि फ्रान्सच का, असे तिला विचारले, तेव्हा तिने सांगितले की आमच्या बागेत डाऊनी हा बुरशीसारखा रोग आला की वडील जे बोर्डो मिश्रण मारतात, ते १८८५ मध्ये बोर्डोच्या प्राध्यापक मिलार्दे यांनी याच रोगावर सुचवले होते, आणि नाशिकचा शेतकरी अजूनही त्या गावाचे नाव दिवसातून दहा वेळा घेतो, पण तिथे पुढे काय संशोधन झाले हे त्याला कळत नाही. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा हे उत्तर चांगले होते असे मला वाटते, अर्थात मी बाप आहे.

पैशांचा प्रश्न मात्र उत्तराने सुटणारा नव्हता. विद्यार्थ्याकडे महिन्याला किमान ६१५ युरो आहेत असे दाखवावे लागत होते, म्हणजे वर्षाचे ७,३८० युरो. शैक्षणिक कर्ज घ्यायचे ठरवले, पण बँकेने शेतजमीन तारण घेण्यास नकार दिला. थकबाकीच्या वसुलीसाठी बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे, हे मला त्या दिवशी शाखेत बसल्यावर समजले. शेवटी धाकट्या भावाने इंदिरानगरमधला आपला फ्लॅट तारण दिला. कर्जमंजुरीचे पत्र, प्रवेशपत्र आणि राहण्याच्या जागेचा कागद एवढ्यावर तिचे काम झाले. तिच्या पासपोर्टवर चिकटलेला व्हिसा हाच वर्षभराचा निवास परवानाही होता. तिथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करून घ्यायचा एवढीच अट होती, आणि त्यासाठी तिने ५० युरो भरले.

एक काम मात्र आम्ही उशिरा केले. तिथल्या आरोग्य विम्यात नोंदणी करताना जन्मदाखला मागतात. आमच्या ग्रामपंचायतीच्या नोंदीत नावाच्या रकान्यात काहीच नव्हते, कारण बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कोणी नाव घालायला गेले नाही. नाव घालून नवा दाखला काढणे, राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, आणि शेवटी तिथल्या न्यायालयाच्या यादीवरील अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर, असा तो प्रवास आहे, आणि मुलगी तिकडे व कागद इकडे असताना तो फार लांबतो. मुलगा-मुलगी जाण्याआधी हे उरकून घ्यावे.

आता आमच्या नकाराविषयी. नाताळात मुलीला सुट्टी होती, म्हणून डिसेंबरात जाऊ असे ठरले. शहरातल्या एका एजंटाने फाइल करून देतो असे सांगितले. त्याचा सल्ला असा होता की मुलगी तिकडे आहे हे लिहूच नका, लिहिले की संशय येतो. पर्यटनासाठी जातो असे लिहा. त्याने पॅरिसमधल्या एका हॉटेलचे दहा दिवसांचे आरक्षण लावले, जे प्रत्यक्षात पैसे न भरता केलेले होते, आणि बँकेचे तीन महिन्यांचे उतारे जोडले. आम्ही सही केली. दोष त्याचा जेवढा, त्याहून जास्त माझा, कारण सहीच्या वर जे छापलेले होते ते मी वाचले नव्हते.

अर्ज देण्यासाठी व्हिसा केंद्रावर स्वतः जावे लागते. नाशिकहून मुंबई किंवा पुणे हे दोन पर्याय होते. आम्ही मुंबई घेतली. वेळ सकाळी साडेनऊची मिळाली होती आणि पंचवटी एक्सप्रेस मुंबईत पोहोचेपर्यंत साडेदहा वाजून जातात, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच निघून ठाण्याला मेहुण्यांकडे मुक्काम केला. केंद्रावर कागद तपासून झाल्यावर दहाही बोटांचे ठसे घेतात. माझे ठसे दुसऱ्या प्रयत्नात उमटले. पत्नीचे उमटेनात. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला होता, फेलफुटी, म्हणजे वेलीवरचे नको असलेले कोंब, काढण्याचे काम रोज चालू होते आणि तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याची व शेजारच्या बोटाची कातडी वेलीच्या चिकाने काळी पडून गुळगुळीत झाली होती. काउंटरवरच्या मुलीने आधी ओला रुमाल दिला, मग हाताला लावायला थोडे क्रीम दिले, आणि एकेक बोट स्वतःच्या हाताने काचेवर दाबून धरले. ‘मावशी, आधारलाही असंच होतं का?’ तिने विचारले. ‘रेशनच्या मशीनवर तर रोजचंच आहे,’ पत्नी म्हणाली. सातव्या की आठव्या प्रयत्नात हिरवी खूण आली. कष्टाची बोटे असणाऱ्या कोणीही या दिवसाआधी आठवडाभर शेतातल्या कामापासून हात बाजूला ठेवावेत, असे मी सांगेन.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले आणि सोबत छापील कागद होता, ज्यावर नकाराच्या कारणांची यादी असते आणि लागू असेल त्यापुढे खूण केलेली असते. आमच्या कागदावर दोन खुणा होत्या. पहिली अशी की मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती यांविषयी दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही. दुसरी अशी की व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्जदार देश सोडतील याबद्दल वाजवी शंका आहे. दुसरे कारण वाचून मला राग आला. सात एकर बाग टाकून हा माणूस परदेशात लपून राहील, असे कोणाला वाटावे तरी कसे? राग उतरल्यावर मी ती फाइल परत उघडली आणि अधिकाऱ्याच्या जागी बसून वाचली. त्यात बाग कुठेच नव्हती. एक प्रौढ जोडपे होते, त्याची नोकरी नव्हती, आयकर विवरणपत्र नव्हते, बँकेच्या खात्यातून तीन महिने फक्त पैसे बाहेर गेलेले होते आणि आत काही आलेले नव्हते, आणि ते दहा दिवस पॅरिस पाहायला निघाले होते. मी स्वतः असा अर्ज मंजूर केला नसता.

बँकेच्या उताऱ्याची ही गोष्ट द्राक्षवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावी. आमचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतात आणि बाकीचे वर्षभर जातात. ऑगस्ट ते ऑक्टोबरचा उतारा काढला, तर त्यात खते, औषधे, मजुरी आणि डिझेल एवढेच दिसते. शिवाय डिसेंबरात बागेत मणी सेट होत असताना कोणता बागायतदार गाव सोडतो? मुलीच्या सुट्टीच्या नादात हा विचार आम्हीच केला नव्हता.

नकारावर अपील करता येते, त्याचा पत्ता व मुदत त्याच कागदावर दिलेली असते. पण आमची फाइलच लंगडी होती, त्यामुळे अपिलात सांगण्यासारखे काही नव्हते. नव्याने अर्ज करण्यास बंदी नसते, भरलेली फी मात्र परत मिळत नाही. पहिल्या वेळी ती माणशी ८० युरो होती. ११ जून २०२४ पासून ९० झाली, त्यामुळे आमच्या उशिराचे दोघांचे वीस युरो वाढले.

दुसरी फाइल मुलगी, भाचा आणि मी अशी तिघांनी मिळून केली. तारखा बागेकडे पाहून ठरवल्या: ५ ते २२ सप्टेंबर २०२४, म्हणजे एप्रिलची खरड छाटणी होऊन काडी पक्व झालेली असते, ऑक्टोबरची गोडी छाटणी अजून सुरू व्हायची असते, आणि तिकडे दक्षिण फ्रान्समध्ये नेमकी द्राक्षांची तोडणी चालू असते. हेतूच्या रकान्यात कुटुंबीयांची भेट असे लिहिले आणि मुलीच्या व्हिसाची व विद्यापीठाच्या ओळखपत्राची प्रत जोडली. एजंट जे लपवायला सांगत होता, तेच फाइलच्या पहिल्या पानावर आले.

मी आधी मराठीत दीड पान लिहून काढले आणि भाच्याने त्याचे इंग्रजी केले. त्यात आमचे उत्पन्न कोणत्या महिन्यांत येते आणि का, छाटणी म्हणजे काय, ती किती तारखेच्या आत झाली नाही तर वर्ष कसे वाया जाते, आणि आम्ही नसताना बाग कोण पाहणार आहे, हे सरळ लिहिले होते. त्याला आधार म्हणून बँकेचा पूर्ण बारा महिन्यांचा उतारा जोडला आणि मार्चमधल्या मोठ्या जमा रकमांपुढे पेन्सिलीने क्रमांक घालून त्याच क्रमांकाच्या विक्रीच्या पावत्या मागे लावल्या. शेतीचे उत्पन्न आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली करमुक्त असल्याने मी कधी विवरणपत्र भरले नव्हते. या वेळी सनदी लेखापालाकडून ३१ जुलैच्या आत ते भरून घेतले, ज्यात कर शून्य असला तरी शेतीचे उत्पन्न आकड्यात दिसत होते. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला होताच.

सातबारा आणि आठ-अ यांचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. पहिल्या अनुवादकाने इतर हक्कांतला ‘विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा’ असा भाषांतरित केला की, मुलीच्या शब्दांत, आमच्या जमिनीवर समाजाचे ओझे आहे. तिने ते फोनवर वाचून दाखवले तेव्हा आम्ही खूप हसलो, पण भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा करावे लागले. सातबाऱ्याच्या वर चार ओळींची चिठ्ठी लावली, की हा मालकीचा आणि पिकाचा सरकारी उतारा आहे व अमुक रकान्यात द्राक्ष असे लिहिलेले आहे. शेवटी मुलीला सुचले म्हणून ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीवरील आमच्या प्लॉटची नोंदणीही जोडली. आमची द्राक्षे फवारलेल्या औषधांच्या उर्वरित अंशाच्या तपासणीचे दाखले घेऊन कित्येक वर्षे रॉटरडॅमला उतरत आहेत. त्यांना माझ्यापेक्षा आधी युरोपात प्रवेश मिळाला होता.

राहण्याच्या जागेबाबत दोन वाटा होत्या. तिथे राहणाऱ्या नातेवाइकाला आपल्या नगरपालिकेतून पाहुण्यांसाठी यजमानपत्र काढता येते, त्याला ३० युरो लागतात, आणि ते असेल तर रोजच्या खर्चासाठी माणशी ३२.५० युरो दाखवले तरी चालतात. पण त्यासाठी घर पुरेसे मोठे असावे लागते, आणि मुलगी विद्यार्थी वसतिगृहातल्या एका खोलीत राहत होती. त्यामुळे आम्ही माँपेलिएतच पैसे भरून एक लहान हॉटेल घेतले. हॉटेलचे आरक्षण असल्यास रोज माणशी ६५ युरो, तेही नसल्यास १२० युरो दाखवावे लागत होते. अठरा दिवस, दोन माणसे, ६५ युरो, म्हणजे २,३४० युरो. रुपयांत दोन लाखांहून थोडे जास्त. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा वेगळा.

केंद्रावर या वेळी बोटे पुन्हा मागितली नाहीत. एकदा घेतलेले ठसे ५९ महिने वापरता येतात, त्यामुळे नामंजूर अर्जातले पत्नीचे आठ प्रयत्न तेवढे कामी आले. बारा दिवसांत पासपोर्ट आले.

व्हिसाचा कागद नीट वाचावा लागतो. आमच्यावर वैधता ५ सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर अशी छापली होती. ते पाहून घरातले सगळे म्हणाले की अजून पंधरा दिवस राहून या. पण त्याच कागदावर मुक्कामाचे दिवस या शब्दांपुढे १८ हा आकडा होता. पुढचे पंधरा दिवस प्रवास पुढे-मागे झाला तर असावेत म्हणून दिलेले असतात. देशात राहायचे ते अठराच दिवस, आणि त्यांत पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही धरतात.

२२ सप्टेंबरला शार्ल द गोल विमानतळावर परतीचा शिक्का पडला, त्याचा मी नाशिकला आल्याबरोबर फोटो काढून फाइलमध्ये ठेवला आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरलेले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा मिळू शकतो. आमचा एक झाला. छाटणी ३ ऑक्टोबरला सुरू केली.