अलास्का क्रूझ: आधी मार्ग बघा, मग जहाज

अलास्काची क्रूझ ठरवताना बहुतेक जण जहाजापासून सुरुवात करतात. मजले किती, तरणतलाव किती, रात्री शो कोणते. हे सगळं भूमध्य समुद्रातही मिळतं. अलास्कात पैसे मोजायचे ते जहाज कोणत्या हिमनदीपाशी जातं, तिथे किती तास रेंगाळतं आणि कोणत्या बंदरावर किती वाजता लागतं, याचे. म्हणून कंपनीचं माहितीपत्रक उघडलं की फोटो सोडून थेट दिवसवार वेळापत्रकावर जावं.

पहिला निर्णय निघायच्या बंदराचा. सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या पॅसिफिकमधून जातात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी जहाज हलतं आणि ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघालं तर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या शांत पाण्यातून वाट जाते. याच वाटेवर सिमोर नॅरोज ही चिंचोळी सामुद्रधुनी लागते. तिच्या मधोमध जहाजांचा काळ ठरलेला रिपल रॉक नावाचा खडक होता. 1958 साली खालून बोगदा खणून, सुरुंग भरून तो उडवून दिला. आजही मोठी जहाजं तिथून भरती-ओहोटीचा ओघ मंदावला की जातात. त्यामुळे निघायची वेळ कधी कधी विचित्र वाटते, ती यासाठी.

आता व्हिसा. इथे भारतीय पासपोर्टवाले हमखास चुकतात. अमेरिकेच्या 1886 सालच्या एका कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या बंदरातून निघून तिथेच परत येणार असेल, तर वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून सिअ‍ॅटलच्या फेरीत कॅनडातलं व्हिक्टोरिया येतं, बऱ्याचदा संध्याकाळचे जेमतेम चार तास. तुम्ही खाली उतरा वा न उतरा, कॅनडाचा व्हिसा लागतोच. नसेल तर सिअ‍ॅटललाच जहाजावर चढू देत नाहीत. एच-वन-बीवर असलेल्यांनाही तो लागतो. ग्रीन कार्ड असेल तर वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. व्हँकुव्हरहून निघताना अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्या धक्क्यावरच होतं, म्हणून दोन्ही व्हिसा हवेत आणि भरपूर वेळही. विमानाने आदल्या दिवशीच पोचावं. जहाजाच्याच दिवशी उतरणारं विमान म्हणजे जुगार.

हिमनद्यांमध्ये आमचं पहिलं मत ग्लेशियर बेला. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात. सर्वाधिक परवाने प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या क्रूझ कंपन्यांकडे आहेत. सकाळी उद्यानाचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. 1794 साली जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेला इथे उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली होती. आज मार्जरी हिमनदी गाठायला जहाजाला शंभर किलोमीटरच्या आसपास आत जावं लागतं. तिथे कप्तान जहाज सावकाश पूर्ण फिरवतो. त्यामुळे डावी की उजवी बाल्कनी यावर जादा पैसे घालवू नयेत. उत्तरेकडे एकेरी प्रवास असेल तर मात्र उजवी बाजू घ्यावी, कारण अलास्काच्या आखातात जमीन त्या बाजूला राहते.

हबर्ड हिमनदी आकाराने कितीतरी मोठी आहे, लांबी 120 किलोमीटरच्या पुढे. बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. 1986 आणि 2002 मध्ये तिने शेजारच्या रसेल फियॉर्ड या खाडीचं तोंडच बुजवलं होतं. पण समोर तरंगता बर्फ जास्त असला की जहाज लांबूनच वळतं. ट्रेसी आर्म ही अरुंद खाडी अनेकांची लाडकी होती. ऑगस्ट 2025 मध्ये तिथे मोठी दरड कोसळून त्सुनामी आली. त्यानंतर कंपन्या एन्डिकॉट आर्मकडे वळल्या. जुने ब्लॉग वाचून ट्रेसी आर्मची आस धरू नये.

बर्फाचा कडा तुटताना बघायचा तर आवाजाच्या दिशेने मान वळवून उपयोग नाही. आवाज पोचेपर्यंत अर्धा कडा पाण्यात गेलेला असतो. जिथून बारीक चुरा सतत घरंगळतोय त्या जागेवर नजर ठेवावी. मोठा तुकडा बऱ्याचदा तिथूनच सुटतो.

महिना कोणता? मेमध्ये पाऊस सर्वांत कमी, डोंगरांवर बर्फ भरपूर, भाडंही उतरलेलं. जुलै-ऑगस्टमध्ये सामन मासे ओढ्यांत चढतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात. सप्टेंबरमध्ये पावसाची झड लागते, पण रात्र काळोखी असल्याने नशीब असेल तर उत्तरेचे रंगीत प्रकाश दिसतात. जूनमध्ये ते शक्यच नाही, कारण पुरता अंधारच पडत नाही. अस्वलं हवी असतील तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा; फक्त हिमनद्या हव्या असतील तर मे.

बंदरांपैकी जुनोवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. हंपबॅक व्हेल बघायला बोटी ऑक बेमधून सुटतात. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून 20 किलोमीटरवर आहे. शहराची साधी बस स्वस्त, पण ती सुमारे अडीच किलोमीटर अलीकडे सोडते. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं असेल तर ढगांमुळे फेरी रद्द होण्याची तयारी ठेवावी (पैसे परत मिळतात), आणि वजन 113 किलोच्या वर असेल तर सहसा जादा आकार पडतो. स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे: 1898 साली सोन्याच्या लाटेत सुरू झालेली, तीन फुटी रुळांची. आपली माथेरानची दोन फुटी. ही 32 किलोमीटरमध्ये 870 मीटर चढते. वर जाताना डावीकडे बसावं. केचिकनमध्ये पाऊस गृहीतच धरावा, आणि जहाज गावात लागतं की 11 किलोमीटर दूर वॉर्ड कोव्हला, हे आधी तपासावं; शटलमध्ये वेळ जातो. या सहलींचा खर्च चार जणांच्या कुटुंबात तिकिटाच्या जवळ पोचू शकतो.

व्हेल शोधताना शेपटी शोधू नये, पाण्यावर उडणारा वाफेचा फवारा शोधावा. हंपबॅक चार-पाच श्वास घेतो, पाठ कमानदार करतो आणि शेपटी वर काढून खोल जातो. मग पाचेक मिनिटं तरी कॅमेरा खाली ठेवायला हरकत नाही. अलास्कात बोटीने हंपबॅकच्या 90 मीटरच्या आत जायला कायद्याने बंदी आहे, म्हणून दुर्बीण हवीच. 8 बाय 42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची घ्यावी. दहापट मोठं दाखवणारी हलत्या डेकवर थरथरते.

कपड्यांत एकच मोठी चूक होते: जीन्स आणि सुती स्वेटशर्ट. भिजले की दिवसभर वाळत नाहीत. आत सिंथेटिक किंवा लोकरीचा पातळ थर, मध्ये फ्लीस, वर टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट. छत्री वाऱ्यात उलटते. जुलैतही हिमनदीसमोर हातमोजे लागतात.

आणि ती इलेक्ट्रिक किटली घरीच ठेवा. तापणारी कॉइल असलेलं काहीही (किटली, इस्त्री) सामान तपासताना काढून घेतात. उदबत्ती-निरांजनही पेटवता येत नाही. गरम पाणी बुफेत चोवीस तास मिळतं, त्यात इन्स्टंट पोहे आणि चहाची पुडी चालते. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं. जहाजावर सांगून भागत नाही. जहाजावरची फळं बंदरावर उतरवायला मनाई असते.

अलास्काचं घड्याळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे. फोन आपोआप वेळ बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाळायची असते आणि सहसा निघायच्या अर्धा तास आधीची असते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. जुनोला बाहेरून रस्ताच येत नाही, त्यामुळे तिथे जहाज चुकलं तर पुढचं बंदर विमानानेच किंवा फेरीबोटीनेच गाठावं लागतं. म्हणून पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत न ठेवता सोबत बाळगावा.