गाठी आणि गाठी

थंडीआधी वाफे आवरायला यंदा तीन रविवार गेले. त्यातला एक अख्खा रविवार मी नुसती मुळं बघत बसले होते.

पूर्वी मोसम संपला की मी सगळं उपटून, कुदळीने माती उलथून वाफा कसा लख्ख करून ठेवायची. दोन पाऊस झाले की तीच माती वरून दगडासारखी घट्ट. आता खणणं बंद. झाड जमिनीलगत कापायचं, मुळं आतच राहू द्यायची. ती कुजली की त्यांच्या जागी पोकळ्या उरतात, हवा-पाणी तिथून खाली उतरतं, गांडुळांचीही सोय होते.

पण हाच नियम सरसकट लावला आणि दोन वर्षांपूर्वी तोंडावर आपटले. घेवड्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात, हे माहीत होतं. तशाच गाठी टोमॅटोच्या मुळांवर दिसल्या आणि मी खूश! टोमॅटो कुठला शेंगवर्गीय, एवढंही डोक्यात आलं नाही. मुळं ठेवली तशीच. पुढच्या मोसमात त्या वाफ्यातली वांगी भर दुपारी माना टाकायची, संध्याकाळी सावरायची. पाणी वाढवून उपयोग शून्य. शेवटी एक उपटलं, तर मुळं आल्यासारखी वेडीवाकडी फुगलेली. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म जंत.

तेव्हापासून प्रत्येक वाफ्यातलं एक झाड उपटून मुळं धुऊन बघते. घेवड्याची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने टिचकन सुटते. चिरली तर आत गुलाबी. झाड म्हातारं झालं असेल तर हिरवट किंवा तपकिरी. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ते मूळच सुजलेलं असतं. अशी मुळं मी मातीसकट काढते आणि कंपोस्टमध्ये टाकत नाही. घरचा ढीग मधे तापतो, कडेला गारच राहतो. त्या वाफ्यात मग सूत्रकृमी आवरायला झेंडू, तोही वाफाभर दाट. मधेमधे चार रोपं लावून तो शोभेपुरताच.

बाकी काम सोपं. माती मुठीत दाबायची, बोट लावल्यावर गोळा फुटला तर हात घालायचा, चिखल असेल तर थांबायचं. वर दोन इंच मुरलेलं कंपोस्ट, त्यावर तीन इंच पालापाचोळा. पाला चुरडून घ्या हो! रुंद पानं अख्खी पसरली की भिजून एकमेकांना चिकटतात, ताडपत्रीच होते, आणि खाली गोगलगायींचा संसार.

तिसरा वाफा अजून उघडाच आहे. तिथल्या मिरचीची मुळं काल धुऊन बादलीत ठेवलीत. एका बारक्या मुळावर एकच गाठ आहे. उद्या उजेडात भिंग घेऊन बसते.