चाळीस वाव खाली

‘पिऊन लिहा, उतरली की तपासा.’ अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या नावावर खपणारं हे वाक्य कोकणात जरा जास्तच चालतं. पुढ्यात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, आणि समोर दर्या असला की बैठकीतला कुणीतरी ते हटकून काढतोच. हेमिंग्वेच्या लिखाणात मात्र ते कुठेच नाही. त्याच्या जवळपास जाणारं वाक्य आहे पीटर डी व्ह्रीज यांच्या १९६४ सालच्या कादंबरीत, एका दारुड्या कवीच्या तोंडी. आणि तो तर पुढे सांगतो, की कधी शुद्धीत लिहितो नि पिऊन तपासतो! ढकलणाऱ्यांनी सोयीचं तेवढंच पुढे ढकललं.

हेमिंग्वेचं पिणं खोटं नव्हतं, दंगा खोटा नव्हता. चार लग्नं, लढाया, १९५४ साली आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघात, त्याच वर्षी नोबेल. पण लिहायला तो उजाडताच उभा राही. अक्षरशः उभा: क्यूबातल्या घरात पुस्तकांच्या कपाटावर टाइपरायटर ठेवलेला असे. पुढे काय होणार ते ठाऊक असतानाच थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात अडत नाही. रोजच्या शब्दांचा हिशोब खोक्याच्या पुठ्ठ्यावर: ४५०, ५७५, ४६२, मध्येच १२५०. झिंगलेल्या माणसाची ही वही नव्हे, मासळीच्या लिलावाचा हिशोब ठेवणाऱ्या तांडेलाची, होडीच्या म्होरक्याची वाटते.

त्याची खरी ओळख ‘एका कोळियाने’मध्ये, म्हणजे त्याच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मध्ये पटते. पु. लं.नी मराठीत आणलेला तो म्हातारा कोळी चार गळ सोडतो: ४०, ७५, १०० आणि १२५ वावांवर. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, साधारण ६ फूट. आपल्याकडे किनाऱ्यालगत एवढं खोल पाणी मिळायचं नाही, आपला उथळ समुद्र फार लांबवर पसरलेला आहे. हवानाजवळ मात्र थोड्याच अंतरावर तळ सुटतो.

खरी गंमत पुढे आहे. इतर कोळ्यांच्या दोऱ्या पाण्याच्या ओढीबरोबर तिरक्या वाहवत जातात. त्यांना वाटतं गळ १०० वावांवर आहे, असतो ६० वर. म्हातारा आपल्या दोऱ्या उभ्या सरळ राखतो. उधाणाच्या पाण्यात गरवणाऱ्याला, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्याला, हे समजावून सांगावं लागत नाही. दोरीला बांधलेलं शिसं हलकं पडलं की दोरी तिरपी होते, गळ वर तरंगतो आणि तळाचा मासा खालून निघून जातो. मग शिसं वाढवायचं, नाहीतर भांगाची, म्हणजे भरतीओहोटीची ओढ मंदावण्याची, वाट बघायची.

आणि पुठ्ठ्यावरचा तो १२५०? दुसऱ्या दिवशी गरवायला जायचं असलं की हेमिंग्वे आदल्या दिवशी जादा लिहून ठेवी, म्हणजे होडीत बसल्यावर मनाला टोचणी नको.