वादळाचा रविवार

बोट सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी बर्फ भरला जातो, डिझेल चढते, तांदूळ, मसाला आणि गोडे पाणी मोजून घेतले जाते, आणि या यादीच्या अगदी शेवटी, कोणीही कधी लिहून न ठेवलेला एक जिन्नस गेली काही वर्षे येतो, तो म्हणजे फादरांचे प्रवचन. माझा मावसभाऊ वसईच्या कोळीवाड्यातला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे. मी त्याच्याहून लहान, नोकरीमुळे जमिनीवरच राहिलेला आणि म्हणून घरच्यांच्या मते संगणकातला जाणकार. त्यामुळे दादाच्या फोनमध्ये प्रवचने उतरवून देण्याचे काम माझ्याकडे आले. बोट सात-आठ दिवस बाहेर राहिली की एक रविवार हमखास समुद्रात निघतो. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकल्याची त्याला रुखरुख लागते, आणि प्रवचन ऐकून मिस्सेची भरपाई होत नाही हेही त्याला पक्के ठाऊक आहे, तरी तो ऐकतो.

पहिल्या खेपेस मी मोठाच घोळ घातला होता. आमच्या ओळखीच्या एका धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक समुदायाने, प्रवचन यूट्यूबवर टाकले होते, त्याची लिंक मी दादाला पाठवली आणि कर्तव्य पार पडले असे समजून झोपलो. किनारा मागे पडल्यावर रेंज गेली, आणि मग पुढचे सहा दिवस त्याच्या फोनवर ते गोल चक्र फिरत राहिले. परत आल्यावर तो मला काही बोलला नाही. त्याने फक्त फोन माझ्यासमोर धरला आणि ते चक्र मला दाखवले. ऐकणे आणि उतरवून घेणे यांतला फरक मला त्या दिवशी जितका कळला, तितका तो कोणत्याही तांत्रिक पुस्तकातून कळला नसता.

उतरवून घेण्यातही प्रकार आहेत. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये उतरवलेला व्हिडिओ वास्तविक आपल्या हाती लागतच नाही. तो त्या अ‍ॅपच्या पोटात राहतो, दुसऱ्याला देता येत नाही, आणि ठरावीक मुदतीत फोन पुन्हा इंटरनेटला जोडला नाही तर तो चालायचा बंद होतो. त्याउलट एमपी३ ची फाईल ही खरोखरीची वस्तू असते. ती एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाते, खलाशांमध्ये वाटता येते, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. वीस मिनिटांचे प्रवचन १२८ केबीपीएस या नेहमीच्या दर्जात सुमारे १९ एमबी भरते. बोलण्याला संगीताइतकी नजाकत लागत नसल्यामुळे तेच ३२ केबीपीएसवर आणले तर जेमतेम ५ एमबीत बसते, आणि फादरांचा आवाज तरीही फादरांचाच वाटतो. संपूर्ण मिस्सेचा व्हिडिओ मात्र कित्येकशे एमबी खातो. म्हणून मी ज्या धर्मग्रामांनी केवळ प्रवचनाची ध्वनिफीत वेगळी करून ठेवलेली असते, त्यांच्याविषयी मनात विशेष कृतज्ञता बाळगून आहे.

गेल्या ऑक्टोबरात दादाने पहिल्यांदाच फर्माईश केली. त्याला वादळाचे प्रवचन हवे होते, ज्यात येशू बोटीच्या मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपलेला असतो आणि शिष्य घाबरून त्याला उठवतात ते. मी होकार दिला, आणि दोन रात्री शोधत बसलो. माझ्या फोनमध्ये प्रवचनांच्या शंभरेक फायली होत्या, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या ध्वनिफितीला ते अ‍ॅप स्वतःच नाव देते: आधी एयूडी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि एक अनुक्रमांक. ती तारीख आपल्याला फाईल मिळाल्याची असते, प्रवचन झाल्याची नव्हे. कोणी तीन वर्षांपूर्वीचे प्रवचन काल पुढे ढकलले असेल तर ते कालचेच ठरते. शंभर प्रवचने जवळ असून एकाचाही पत्ता नाही, अशी माझी अवस्था होती.

मग माझ्या आईने, जिला फोनवर फक्त हिरवे आणि लाल बटण कळते, मला वाट दाखवली. तिने विचारले, "ते शुभवर्तमान कोणत्या रविवारी वाचतात ते आधी बघितलेस का?" कॅथलिक चर्चची रविवारची वाचनमाला १९६९ च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून, तीन वर्षांच्या चक्रात फिरते. शुभवर्तमान म्हणजे येशूची कथा, आणि ती सांगणाऱ्यांपैकी 'अ' वर्षात मुख्यतः मत्तय, 'ब' वर्षात मार्क, 'क' वर्षात लूक. सनाला ३ ने पूर्ण भाग गेला की ते वर्ष 'क', एवढे लक्षात ठेवले की पुरे. फक्त चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते आदल्या वर्षीच्या आगमनकाळापासूनच लागते. मार्कने सांगितलेले वादळ 'ब' वर्षातील सामान्यकाळाच्या, म्हणजे मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या दिवसांच्या, बाराव्या रविवारी येते. म्हणजे २०२१ मध्ये २० जून आणि २०२४ मध्ये २३ जून. त्याआधीच्या २०१८ मध्ये तो रविवार २४ जूनला, म्हणजे नेमका बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माच्या सणाला आला, आणि त्या सणापुढे वादळाला माघार घ्यावी लागली.

जूनमधल्या या तारखा पाहून मला हसू आले. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. वादळाचे हे शुभवर्तमान आमच्या चर्चमध्ये वाचले जाते तेव्हा एकही बोट पाण्यात नसते; सगळ्या वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि तांडेल व खलाशी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कोरडे बसलेले. ज्याला ते समुद्रात ऐकायचे असेल, त्याला ते उतरवूनच घ्यावे लागणार.

तारखा हाती लागल्यावर दोन्ही प्रवचने अर्ध्या तासात सापडली, आणि दोन्हींत एकच उतारा असूनही ती ऐकताना दोन वेगळी चर्चेस समोर उभी राहिली. २०२१ च्या जूनमध्ये कोरोनामुळे चर्च बंद होते. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून जाऊन महिनाच झाला होता. फादर रिकाम्या बाकांपुढे, एका फोनसमोर बोलत होते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचाच आवाज भिंतींवरून परत येत होता. एका ठिकाणी ते थांबले आहेत, इतका वेळ की मला वाटले फाईल तुटली. २०२४ च्या फितीत मात्र छपरावर पाऊस आहे, खोकला आहे, कोणाचे तरी मूल रडते आहे आणि त्याला बाहेर नेणाऱ्या बाईच्या चपला दारापर्यंत ऐकू येतात. हल्ली अशा फिती आवाज गाळून 'स्वच्छ' करून टाकण्याची पद्धत पडू लागली आहे. मला ती मुळीच पसंत नाही. खोकला काढला की चर्च निघून जाते आणि उरते ते भाषण.

प्रवचन टिपून ठेवण्याची हौस काही यंत्रांनी आणलेली नाही. हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या आरंभी बोलत असे तेव्हा लघुलेखक ते उतरवून घेत, आणि त्यांच्यामुळेच त्याची पाचशेहून अधिक प्रवचने आज उपलब्ध आहेत. श्रोत्यांनी मध्येच दाद दिल्याच्या खुणाही त्यांत सापडतात, म्हणजे त्या लेखकांनी खोकला गाळला नव्हता असे म्हणायला हरकत नाही. त्यांतली काही मात्र माझ्या फायलींसारखी हरवली होती. १९९० मध्ये फ्रान्स्वा दोल्बो या फ्रेंच अभ्यासकाला जर्मनीतल्या माइन्झच्या ग्रंथालयातील पंधराव्या शतकाच्या एका हस्तलिखितात ऑगस्टीनची २६ प्रवचने मिळाली. ग्रंथालयाच्या कपाटात असणे आणि सापडणे यांत इतके अंतर पडू शकते.

पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये सांगितले होते की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा जास्त नसावे, नाहीतर लोक झोपतात. मी हे दादाला सांगितले तेव्हा त्याला ते पटले नाही. डोल, म्हणजे प्रवाहात लावायचे पिशवीसारखे जाळे, लावली की पाण्याच्या ओढीची वाट पाहावी लागते, भरती-ओहोटीला घाई करता येत नाही, आणि त्या वेळात बावीस मिनिटांचे प्रवचनही त्याला आखूड वाटते.

मी त्याला दोन्ही फायली दिल्या आणि या वेळी नावे नीट घातली: 'ब वर्ष, बारावा रविवार', पुढे सन. तो परत आल्यावर मी पाहिले तर त्याने ती नावे बदलून टाकली होती. एकीचे नाव होते 'वादळ पाऊसवाले' आणि दुसरीचे 'वादळ रिकामे'. समुद्रात कोणते ऐकलेस, असे मी विचारले. पाऊसवाले इंजिनाच्या आवाजात नीट कळत नाही, असे तो म्हणाला, आणि जाळ्यात अडकलेला तुटका धागा काढू लागला. रिकाम्यात फादर मध्येच गप्प होतात तिथे त्याच्या खलाशांनाही आधी फोन बंद पडला असेच वाटले होते. आता ती जागा आली की कोणी फोनला हात लावत नाही.