दादाला व्याज दिलं तेव्हा

नात इंग्रजीचे शब्द पाठ करत होती. ‘अपीज’वर अडली. मी सांगून मोकळी झाले, ‘तुष्टीकरण.’ पेपरात तोच शब्द येतो, नाहीतर ‘लांगूलचालन’, म्हणजे शेपूट हलवणं. रात्री मात्र राहवेना. कपाटातला मोठा शब्दकोश काढला.

मुळात या शब्दात लाचारी नाहीच. तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘पाक्स’ आहे, म्हणजे शांतता. रागावलेल्याला शांत करणं, भूक शमवणं, हे त्याचे अर्थ. बदनाम झाला तो १९३८च्या म्युनिक करारापायी. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेननी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरच्या पदरात पडू दिला, आणि वर्षाच्या आत युद्ध पेटलंच. आपल्या ‘अनुनय’ शब्दाचीही तीच गत. रुसलेल्याची प्रेमाने समजूत काढणं एवढा सुंदर अर्थ, आणि आता तो फक्त मतांच्या राजकारणात सापडतो.

पण मी थबकले ते पुढे. इंग्रजी ‘पे’ हा शब्दही त्याच ‘पाक्स’चा! लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणं. त्यावरून देणेकऱ्याने सावकाराचं समाधान करणं, आणि मग नुसते पैसे देणं. नागपूरच्या महाल भागातल्या एका पतसंस्थेत सत्तावीस वर्षं मी काउंटरवर बसले. पेमेंट, पेमेंट म्हणत दिवस गेले. कर्ज फिटलं की बेबाकी दाखला लिहून द्यायचा. बाकी शून्य, विषय संपला.

दादाचंही मी तसंच केलं. २०१६ साली घराच्या स्लॅबसाठी त्याने चाळीस हजार दिले होते. तीन वर्षांनी मी ते परत केले, भाच्याच्या हाती, चेकने, आणि वर व्याज. संस्थेच्या दराने, पैशापैशाचा हिशेब करून. मला वाटलं, चोख वागले. दादाने व्याजाची रक्कम भाच्याजवळच परत पाठवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. “मी काय सावकार आहे काय तिचा?” असं वहिनीजवळ म्हणाला म्हणे. मीही मनात धरून बसले. पैसे तर दिले ना, आणखी काय करू?

शब्दकोश मिटला तेव्हा दसरा चार दिवसांवर होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन सक्करदऱ्याला गेले. सोबत कुणालाच नेलं नाही. दार दादानेच उघडलं. किती वाळला होता! मी सोनं पुढे केलं, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “दादा, ते व्याज द्यायला नको होतं. चुकलं माझं.”

तो बराच वेळ हातातली पानं पाहत राहिला.

“उभी काऊन आहेस?” म्हणाला. “ये आत. वहिनीने पाटोडी केली आहे.”