बिंग फोडलं की फुटलं? मांजर, पिशवी आणि एक इंग्रजी वाक्य

'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे लपवून ठेवलेली गोष्ट बोलून बसणं. अर्थ एका ओळीत संपतो, पण 'वाक्यात उपयोग करा' म्हटलं की माझं पहिलं वाक्य बहुतेक वेळा बादच होतं.

आधी स्पेलिंग बघतो. देवनागरीत उशिराचा 'लेट' आणि करू देण्याचा 'लेट' सारखाच दिसतो. इथे हवा एल-ई-टी. 'ऑफ'मध्ये एकच एफ. दुसरा एफ घुसला की शब्दच बदलतो, आणि ही चूक नजरेतून हमखास सुटते. भूतकाळातही 'लेट'च राहतं, 'लेटेड' होत नाही. आयएनजी जोडताना मात्र टी दोनदा.

मांजराला आणि पिशवीला हात लावायचा नाही. तिघांनी मिळून गुपित फोडलं तरी मांजर एकच, पिशवी एकच, आणि दोन्हींच्या आधी 'द'. 'अ कॅट' लिहिलं तर वाचकाला खरंच म्यांव ऐकू येतं.

मग कर्ता. इथे मराठी उपयोगी पडते. कोणी बिंग फोडलं, तर 'ही लेट द कॅट आउट ऑफ द बॅग'. बिंग फुटलं, कोणी ते महत्त्वाचं नाही, तर 'द कॅट इज आउट ऑफ द बॅग'. 'द कॅट वॉज लेट आउट ऑफ द बॅग बाय सुनील' व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. मी ते सरळ उलटवून सुनीलला पुढे आणतो. कशाबद्दलचं गुपित ते सांगायचं तर पुढे 'अबाउट'.

पण हीच मराठी एका जागी फसवते. आपल्याकडे बिंग म्हणजे काहीतरी काळंबेरं. इंग्रजी मांजराला तसं बंधन नाही. वाढदिवसाचा बेतही चालतो, आणि बऱ्याचदा तो चुकून तोंडातून निसटलेला असतो. म्हणून अधिकाऱ्याने घोटाळा उघड केल्याच्या बातमीत हा वाक्प्रचार पोरकट वाटतो. तिथे 'एक्स्पोज्ड' लिहावं. औपचारिक अर्जातही नको.

शेवटची चाचणी: वाक्प्रचार बोटाने झाकायचा. 'राम लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' यात झाकल्यावर नुसता राम उरतो. त्या जागी 'राम जेवला'सुद्धा चालेल. म्हणून गुपित कोणतं, कोणापासून आणि ते कसं बाहेर आलं, हे वाक्यातच यायला हवं: 'वी वॉन्टेड टु सरप्राइज आजी ऑन हर बर्थडे, बट माय लिटल ब्रदर लेट द कॅट आउट ऑफ द बॅग व्हेन ही आस्क्ड हर व्हिच केक शी लाइक्ड.' 27 शब्द झाले. कापायचेच असतील तर 'लिटल' कापावा. केकचा प्रश्न मात्र ठेवावा, कारण मांजर तिथूनच बाहेर पडलं.